पाचशे बारा

सोमवारी परिपाठात प्रतिज्ञा होते, सुविचार होतो, दिनविशेष होतो आणि मग रांगेच्या टोकाकडून एक चिरका आवाज उठतो, "हात फुडं!"

त्याबरोबर रांगेतून बारीक कुरकुर ऐकू येते. ज्वारीच्या पोत्याला उंदीर लागल्यासारखी. ती नखं खाण्याची असते. आमची पोरं एरवी नखं कुरतडत नव्हती, तपासणी सुरू झाल्यापासून कुरतडायला लागली. नखांतली घाण पोटात जाऊ नये म्हणून ही तपासणी, आणि तिच्यामुळे ती आठवड्यातून एकदा, वेळापत्रकाप्रमाणे, सबंध शाळेच्या पोटात जाते.

तपासणारा इसम चौथीत आहे. शालेय मंत्रिमंडळात आरोग्य आणि स्वच्छता ही खाती त्याच्याकडे आहेत. त्याचं नाव सांगत नाही. सगळी वस्ती त्याला 'मंत्री' म्हणते, आईसुद्धा. "मंत्री, शेरडं सोडा" अशी हाक मी स्वतः ऐकली आहे. शिवाय नावाने काही फरक पडत नाही. नोकरीत माझ्या चार शाळा झाल्या आणि चारही ठिकाणी हा मला भेटला. एकदा तर मुलगी होऊन भेटला, दोन वेण्या आणि लाल रिबिनी लावून. पुढे मोठा झाल्यावर तो काय होतो तेही मला ठाऊक आहे. एसटीत सीटवर रुमाल अंथरून बसतो आणि शेजारच्याने शेंगांची टरफलं खाली टाकली की कंडक्टरकडे बघून घसा खाकरतो, तो हाच.

आमची शाळा सांगोल्याच्या बाजूला, डाळिंबाच्या बागा आणि कुसळं यांच्या मधोमध असलेल्या एका वस्तीवर. पहिली ते चौथी, दोन शिक्षक. जूनमध्ये मंत्रिमंडळाची निवडणूक झाली तेव्हा स्वच्छता खातं कुणालाच नको होतं. सगळ्यांचा डोळा पोषण आहारावर, कारण खिचडीच्या पातेल्याजवळ उभं राहायला मिळतं. त्याखालोखाल सहल. हा सहलीला उभा राहिला आणि दोन मतांनी पडला. पडलेल्या उमेदवाराच्या पुनर्वसनाबाबत मोठ्या राजकारणात जे घडतं तेच इथे घडलं. दुय्यम खातं मिळालं. फरक एवढाच की याने ते मनावर घेतलं.

अंगकाठी बारीक. एक सुळा पडलेला, त्यामुळे 'स्वच्छता' हा शब्द त्या फटीतून शिट्टी घेऊन बाहेर येतो. डाव्या हाताच्या मुठीत वही, उजव्या मुठीत एक फुटाची मोजपट्टी. या दोन मुठी कधी उघडत नाहीत. मोजपट्टीने तो समोरच्याचा हात खालून उचलतो, स्वतःचं बोट लावत नाही. आधी पंजा, मग पालथा, मग बोटं फाकवून. मधेच मान तिरकी करून कानामागे बघतो. कानामागे मळ असला की नुसतं "बागायत" म्हणतो आणि वहीत फुली मारतो. मळ जास्त असेल तर "दोन एकर".

रुमालाची तपासणी मात्र त्याला कधीच जमली नाही. बालवाडीतल्या लेकरांचे रुमाल छातीला पिनेने टाचलेले असतात, ते पळवता येत नाहीत. पण पहिलीपासून पुढे अख्ख्या रांगेत मिळून रुमाल चार. मंत्री एकाकडून दुसऱ्याकडे सरकतो तसे ते चारही पाठीमागून सरकत जातात. शेवटच्या पोरापर्यंत पोचतात तेव्हा अख्ख्या रांगेच्या हातांतून आलेले असतात. नाक पुसायला अर्थात रुमाल वापरत नाहीत. तो दाखवायचा असतो. नाकाला सदऱ्याची बाही आहे, आणि जानेवारीत ती बाही मनगटापासून कोपरापर्यंत खळ दिल्यासारखी कडक होते.

नखांचा प्रश्न वरवर दिसतो तेवढा सोपा नाही. मी एकदा पालकसभेत म्हणालो की नखं वेळच्या वेळी काढत चला. बाया हसायला लागल्या. एकीने हिशेबच मांडला. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवारी काही घरांत चालत नाही, शनिवार मारुतीचा. अमावास्येला नाही. दिवेलागणीनंतर तर कधीच नाही, लक्ष्मी जाते. उरले बुधवार, शुक्रवार आणि रविवार, तेही दिवसा. दिवसा ती बाई डाळिंबाच्या बागेत रोजाने असते. सकाळी अंधारात जाते, संध्याकाळी दिवे लागल्यावर येते. राहिला रविवार. तर रविवारी टँकर येतो.

टँकरच्या रविवारी वस्तीवर कुणाला कुणाची नखं दिसत नाहीत.

हे सगळं ऐकल्यावर तपासणीचा वार बदलून गुरुवार करावा, म्हणजे बुधवार हाताशी राहील, असं मी सुचवलं. मंत्र्याने नकार दिला. "सोमवार म्हंजे सोमवार, गुर्जी. वार बदलला की पोरं सोकावत्यात."

ज्ञानात मात्र आमची पोरं कुणाला हार जाणार नाहीत. दात दिवसातून किती वेळा घासावेत, असं विचारलं की कौलं हलतील असा एकसुरात आवाज येतो, "दोऽऽन वेळा!" शौचाहून आल्यावर काय करावं? "साऽऽबणाने हात धुवावेत!" एकदा मला अवदसा आठवली आणि मी विचारलं, "काल रात्री झोपताना दात कुणी घासले?" शांतता. मग दोन हात वर झाले. त्यांतला एक करंगळीचा होता, त्याला लघवीला जायचं होतं. दुसरा मंत्र्याचा.

पाठ असणं आणि हाताला सवय असणं या दोन वेगळ्या वस्त्यांवर राहणाऱ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यात बेटीव्यवहार नाही. आमच्या तपासण्या, चाचण्या, नोंदी सगळ्या पहिल्या वस्तीपर्यंत जातात. 'वैयक्तिक स्वच्छता' या रकान्यात मी स्वतः वर्षानुवर्षं 'स्वच्छतेचे महत्त्व सांगतो' अशी नोंद केलेली आहे. ती खोटी नाही. सांगतोच तो.

हात धुण्याची रीत शिकवायला आमच्याकडे 'सुमन के' नावाचं सूत्र आलं. सीधा, उलटा, मुठ्ठी, अंगूठा, नाखून, कलाई. हिंदी शब्दांची पहिली अक्षरं जोडली की तयार. पोरांच्या कानाला कलाई म्हणजे भांड्यांची कल्हई. पोरांनी डोकं चालवून निष्कर्ष काढला की सुमन ही तालुक्यातली कुणीतरी फार टापटिपीची मुलगी असणार आणि 'के' हे तिच्या आडनावाचं पहिलं अक्षर. दुसरीतल्या एकाने विचारलं, "गुर्जी, ती सुमन आपल्या शाळंत कवा येनार?" मंत्र्याने त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "ती न्हाय येनार. हितं पानी न्हाय."

एवढ्या पायऱ्या नीट करायच्या तर साबण लावण्यापासून हात कोरडे होईपर्यंत चाळीस ते साठ सेकंद लागतात, जागतिक आरोग्य संघटनेचा तसा हिशेब आहे. आता चाळीस सेकंद मोजायचे कसे? घड्याळ एक, तेही कार्यालयात आणि बंद. मंत्र्याने तोडगा काढला. हात चोळताना एकोणीसचा पाढा म्हणायचा, पाढा संपला की पाणी. कल्पना चांगली होती, पण तिचा परिणाम असा झाला की ज्यांना एकोणीसचा पाढा येत होता ते पंधरा सेकंदांत मोकळे व्हायचे. ज्यांना येत नव्हता ते 'एकोणीस सात' वर अडकून हात चोळत राहायचे. तिसरीतल्या एका पोराच्या बोटांना बाळंतिणीच्या बोटांसारख्या सुरकुत्या पडल्या. गणितात वर्गात शेवटून पहिला आहे तो. त्या महिन्यात शाळेतले सर्वांत स्वच्छ हात त्याचे होते.

पाणी नळाचं नाही. एकाने तांब्या धरायचा, दुसऱ्याने हात धुवायचे, मग अदलाबदल. साबणाची वडी जुन्या मोज्यात घालून खिडकीच्या गजाला बांधतो. आधी ती दगडावर ठेवत होतो, पण कावळा न्यायचा. शहरातल्या माणसाला हे खोटं वाटेल. कावळ्याला साबण फार आवडतो. त्यात चरबी असते म्हणून म्हणतात. आठ दिवसांत तीन वड्या गेल्या. मला साठा नोंदवही भरायची असते. 'वापर' या रकान्यात काय लिहू? मी प्रामाणिकपणे 'कावळ्याने नेली' असं लिहिलं. तपासणीला आलेले साहेब तो शेरा दोनदा वाचून माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग मंत्री पुढे झाला आणि त्याने कडुनिंबावरचं घरटं दाखवलं. साहेबांनी वर बघितलं. घरट्यात गुलाबी काहीतरी दिसत होतं. शेरा मंजूर झाला.

मंत्र्याच्या हाती खरं अस्त्र मी स्वतःच दिलं. चौथीला गुणाकार चालू होता. कंटाळा घालवायला म्हणून सांगितलं, पोटात राहणारे काही जंतू असे असतात की त्यांना ऊब आणि खायला मिळालं तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. साडेदहाला तुमच्या हातावर एक बसला आणि त्याला सगळं मनासारखं मिळालं, तर दीडला खिचडीच्या वेळी किती? पोरांनी पाट्या घेतल्या. दोन, चार, आठ, सोळा. तासाला तीन दुपटी, तीन तासांत नऊ. बेरीज-वजाबाकीला रडणारी पोरं त्या दिवशी घाम पुसत दुप्पट करत होती. सगळ्यांत आधी मंत्री ओरडला, "पाचशे बारा!"

तळहातावर खीर-पुरी मिळत नाही, तिथे त्यांची वाढ एवढी सरळ होत नाही, हे मी पुढे सांगितलं. ते कुणी ऐकलं नाही. पाचशे बारा हा आकडा वर्गाच्या बाहेर पडला होता. संध्याकाळपर्यंत ती वस्तीतली शिवी झाली. "ए पाचशे बारा, सरक तिकडं." "तुज्या बापाला पाचशे बारा." एक म्हातारा पारावर मला थांबवून विचारत होता की हे नवीन कलम आहे का. आणि मंत्री तर रांगेत नुसता एखाद्या हातावर मोजपट्टी टेकवून तो आकडा हळू आवाजात उच्चारायचा. पोरगं पांढरंफटक. चित्रांतले जंतू हिरवे, दात विचकणारे, शिंगं असलेले असतात. तसले पाचशे बारा आपल्या तळव्यावर बसले आहेत म्हटल्यावर कोण खिचडी खाईल! दोघे पहिलीतले रडायला लागले तेव्हा मी जंतू डोळ्यांना दिसत नाहीत एवढे बारीक असतात असं समजावलं. त्यावर मंत्री म्हणाला, "चित्रात दिसत्यात की. चित्र काडनाराला कसं दिसलं?" मला उत्तर होतं, सूक्ष्मदर्शक. पण शिंगांचा खुलासा माझ्यापाशी नव्हता.

दिसल्याशिवाय पटत नाही हे मात्र त्याचं बरोबर होतं. म्हणून मी एक प्रयोग केला. हळद भिजवून सगळ्यांच्या हातांना चोळली आणि सांगितलं, रोज धुता तसे धुवा. हळदीला साबण लागला की ती लाल होते. हळदीत चुना किंवा सोड्यासारखं काही मिसळलं की कुंकू होतं, त्यातलीच ही जात. साबण जिथे पोचला तिथे लाल, जिथे नाही तिथे पिवळं. पहिल्या पोराने हात चोळले आणि किंचाळला, "रगात!" दहा मिनिटं नुसता गोंधळ. मग एकेकाचे हात उन्हात धरून बघितले. तळवे सगळ्यांचे लालबुंद. अंगठ्याची मागची बाजू पिवळी, बोटांच्या बेचक्या पिवळ्या, नखांच्या कडा तर हळदीकुंकवाच्या करंड्यासारख्या. सबंध शाळेत अंगठा धुणारं एकही पोर नव्हतं. मी गुपचूप माझा बघितला. पिवळा होता. खिशात घातला.

त्या दिवशी पहिल्यांदा मला पोरांच्या चेहऱ्यांवर 'दोऽऽन वेळा' छापाचं उत्तर दिसलं नाही. जो तो आपला अंगठा उलटासुलटा करून बघत होता. पुढे बरेच दिवस तांब्याखाली हात धरले की पोरं आधी अंगठा चोळायची. शिकवून पाच वर्षं जे झालं नव्हतं ते चार आण्यांच्या हळदीने झालं.

फक्त एक विसरलो. हळद एका धुण्यात जात नाही. संध्याकाळी सगळी पोरं पिवळे हात घेऊन घरी गेली आणि वस्तीवर कुजबुज झाली की शाळेत कुणाचं लगीन लावलं. पहिलीतली एक मुलगी घरी जाऊन म्हणाली, "गुर्जींनी समद्यास्नी हळद लावली." तिचा बाप दुसऱ्या दिवशी कामावर खाडा करून मला भेटायला आला होता.

मंत्र्याने आपलं खातं शाळेच्या कुंपणापुरतं ठेवलं असतं तर सुखी झाला असता. पण आजीच्या मशेरीवर त्याने धाड घातली. तंबाखू तव्यावर जाळून केलेली ती काळी पूड, पत्र्याच्या डबीत. आजी रोज सकाळी बोटाने दातांवर फिरवत चांगली अर्धा तास उंबऱ्यात बसते. हा डबी घेऊन शाळेत आला आणि 'जप्त' असं वहीत लिहून त्याने ती माझ्या टेबलावर ठेवली. मागोमाग आजी. लुगड्याचा पदर खोचलेला, हातात शेळ्यांची काठी.

"काय वो गुर्जी, हे चोऱ्या करायला शिकीवताय व्हय लेकराला?"

मी म्हणालो, तंबाखू आहे ती आजी, तोंडाला वाईट. तुमच्यासाठीच करतोय तो.

"मला सत्तर वर्सं झाली," म्हातारी म्हणाली आणि तिने ओठ मागे ओढून दाखवले. दात काळे होते, पण ओळीने उभे होते. मग काठी नातवाकडे वळवली. "ह्याचा बगा. नऊ वर्साचा न्हाई आन सुळा पडला. बुरूस करतोय म्हनं."

वर्ग मंत्र्याकडे बघत होता. दुधाचे दात पडतातच, हे मी सांगू लागलो, पण न्यायालय उठलं होतं. डबी परत गेली. मशेरीने तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो हे खरंच आहे, आणि एखाद्याचे दात टिकले म्हणून ते खोटं ठरत नाही. तरीही त्या दिवशी आजीसमोर ते बोलायला माझी जीभ रेटली नाही. आठवड्याने मात्र मंत्र्याने मला खबर दिली. आजी मशेरी झाल्यावर आता चूळ भरून हात धुते. "अंगठ्यासकट," तो म्हणाला.

त्याचा धीर टिकावा म्हणून मी एकदा त्याला व्हिएन्नाच्या डॉक्टरची गोष्ट सांगितली. इग्नाझ सेमेलवाइस. १८४७ साली बाळंतिणींच्या वॉर्डात बाया तापाने पटापट मरत होत्या. हा म्हणाला, डॉक्टर मंडळी प्रेतं चिरून थेट इकडे येतात, त्यांनी क्लोरिनच्या पाण्याने हात धुवावेत. धुतले, आणि मरणं झपाट्याने कमी झाली. तरी मोठमोठे डॉक्टर चिडले. आमचे हात घाणेरडे? शेवटी त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं, तिथेच १८६५ साली तो मेला. वर्गाने त्याचं नाव 'शेमल्या' ठेवून टाकलं. मंत्री गंभीर होऊन ऐकत होता. शेवटी म्हणाला, "त्याच्याकडं वही हुती का?"

वही म्हणजे सत्ता, हे त्याला कळलेलं आहे. १० फेब्रुवारीला जंतनाशक गोळ्या येतात तेव्हा तर तो दारात उभा राहून एकेकाची जीभ काढायला लावतो. वर, खाली, गालात. गोळी चावून खायची असते, गोडसर लागते, तरी दरवर्षी एखादी कोंबडीच्या पोटात जातेच. "गुर्जी, औंदा कोंबडीला जंत हुनार न्हाईत," अशी नोंद त्याने तोंडी दिली होती.

आणि मग तो पडला. कर्तव्य बजावताना पडला हे आधी सांगतो. मुलींच्या केसांत उवा झाल्या होत्या. शनिवारी सकाळची शाळा, व्हरांड्यात ऊन. खरं तर केस हे खातं उपमंत्री असलेल्या तिसरीतल्या मुलीकडे होतं. याने ते ओढून घेतलं. उवा उडी मारत नाहीत, त्यांना पंखही नाहीत. डोक्याला डोकं लागलं की चालत जातात, म्हणून त्या नेहमी जिवलग मैत्रिणींकडून मिळतात. डोकं धुतलेलं आहे की नाही याचं त्यांना काही पडलेलं नसतं. हे मी सांगितलेलं होतं, त्याने वहीत लिहूनही घेतलेलं होतं. आणि लिहून घेऊन तो एकेकीच्या डोक्यात डोकं घालून, अगदी कपाळ टेकवून, लिखा मोजत बसला. अठरा मुली. एकेकीला पाच मिनिटं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मंत्री टोपी घालून शाळेत आला. राष्ट्रगीताला काढेना. प्रतिज्ञेला काढेना. मी म्हणालो, टोपी का? तर म्हणे, "बालाजीला गेल्तो. नवस हुता." काल संध्याकाळी पाच वाजता मी त्याला शेरडांमागे बघितलं होतं. एका रात्रीत सांगोल्याहून तिरुपती करून परत येणं देवालाही जमलं नसतं. उपमंत्रीण काहीच बोलली नाही. ती चालत त्याच्या मागे गेली, टोपी उचलली, चकोट डोक्याकडे एकदा बघितलं आणि मोठ्याने म्हणाली, "पाचशे बारा."

शाळा इतकी हसली की मलाही तोंड फिरवावं लागलं. पोषण आहारमंत्री पोट धरून जमिनीवर बसला. मंत्री मात्र तसाच उभा होता, वही आणि मोजपट्टी घट्ट धरून, कान तेवढे लाल झालेले.

पुढच्या सोमवारी 'हात फुडं' झालंच नाही. पोरं सवयीने हात पुढे करून उभी होती, काहींची नखं अर्धी खाऊन झाली होती. मंत्री रांग सोडून माझ्याकडे आला. टोपी होतीच. "राजीनामा," तो म्हणाला आणि वही व मोजपट्टी माझ्यापुढे धरली. मी घेतली. तेव्हा त्याच्या मुठी उघडल्या.

डाव्या हाताची नखं सुंदर कापलेली होती. एका रेषेत, ब्लेडच्या पात्याने, कोपरे सांभाळून. उजव्या हाताची बोटं मात्र शेंड्यांना सोललेली, नखं खाऊन खाऊन मांसात गेलेली, अंगठ्याला वाळलेलं रक्त. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने उजवा हात मागे नेला.

"डाव्या हातानं पातं धरायला येत न्हाई," तो म्हणाला.

"आई?"

"आई येस्तवर दिवं लागत्यात."

मी रांगेला वर्गात जायला सांगितलं. ड्रॉवरमध्ये नेलकटर होतं. गेल्या जूनपासून मी ते शाळेतच ठेवतो. रविवारी रात्री घरी नखं काढायला बसलो की बायको ओरडते, आणि न काढावीत तर सोमवारी याच्यापुढे हात न्यायची माझी छाती होत नाही. त्याला पायरीवर बसवलं, उजवा हात माझ्या गुडघ्यावर घेतला. कापण्यासारखं फार उरलेलं नव्हतंच, तरी करंगळी आणि अंगठ्याची एक कड होती.

"सोमवार हाय, गुर्जी."

"असू दे."

तो गप्प बसला. हात सैल सोडला. पहिलं नख उडून फरशीवर पडलं, तसा त्याने वाकून ते उचललं, पायरीवरून आपली वही ओढून घेतली, तिचं मधलं पान टरकावलं आणि माझ्या हाताखाली पसरून धरलं.

"खाली पाडू नगा," तो म्हणाला. "आत्ताच झाडलंय."